सर्जनशील कामासाठी संगणक : जुळणी की तयार खरेदी?

प्रस्तावना

महाविद्यालयातील सर्जनशील स्वरूपाच्या कामाचा मोठा भाग आज संगणकावर होतो. दृश्यकला विभागातील पोस्टर, संगीत विभागातील ध्वनिमुद्रण, जनसंज्ञापन विभागातील लघुपट आणि भाषा विभागाने सिद्ध केलेला वार्षिकांक या सर्वांवरचा शेवटचा हात संगणकाच्या पडद्यावरच फिरतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कौशल्याधारित शिक्षणावर भर देण्यात आल्यानंतर, ज्या विभागांनी पूर्वी कधी संगणकाची मागणी नोंदविली नव्हती त्यांनाही खरेदी समितीपुढे तपशीलपत्रक ठेवण्याची वेळ येऊ लागली आहे. असे तपशीलपत्रक बहुधा कार्यालयासाठी यापूर्वी झालेल्या खरेदीवरून उतरवून घेतले जाते. मग समितीतील चर्चा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : असेंबल्ड घ्यावा की ब्रँडेड? उत्तर सामान्यतः दरपत्रकातील अखेरच्या आकड्यावरून दिले जाते.

प्रस्तुत लेखात किमतीचा मुद्दा दुय्यम मानून या प्रश्नाचा विचार केला आहे. त्याऐवजी दोन प्रश्न आधी सोडवावेत असे येथे सुचवावयाचे आहे. अभिप्रेत काम यंत्राच्या नेमक्या कोणत्या भागावर ताण आणते, हा पहिला. यंत्र बंद पडल्यास त्याला उत्तरदायी कोण, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे हाती असली म्हणजे जुळणी की तयार खरेदी हा वाद बराचसा आपोआप मिटतो.

जुळणीची पूर्वपीठिका

संगणकाचे भाग सुटे घेऊन ते जोडता येतात, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. परंतु ती एका विशिष्ट निर्णयाची परिणती आहे. आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला तेव्हा त्यातील प्रोसेसर इंटेलचा, तर कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. यंत्राची रचनाही कंपनीने बरीचशी खुली ठेवली होती. त्यामुळे कॉम्पॅकसारख्या कंपन्यांना त्याच्याशी सुसंगत यंत्रे बनविता आली आणि हळूहळू सुट्या भागांची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक जाहीर केले. मदरबोर्डची मापे, स्क्रूच्या जागा, पॉवर सप्लायच्या जोडण्या त्यात ठरवून दिल्या गेल्या. एका कारखान्याचा बोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये निमूटपणे बसतो तो या मानकामुळे.

सर्जनशील कामाचा इतिहास मात्र दुसऱ्या घराण्यातून आला. अ‍ॅपलचा मॅकिंतॉश १९८४ मध्ये आला आणि १९८५ मध्ये लेझररायटर हा मुद्रक व पेजमेकर ही आज्ञावली यांच्या जोडीने डीटीपीचा व्यवसाय जन्मास घातला. हे यंत्र सुरुवातीपासून बंद पेटीसारखे होते, म्हणजे जसे मिळेल तसे घ्यावे. चित्रकार, मुद्रक आणि ध्वनिमुद्रक यांच्यात ‘कलेच्या कामाला मॅकच हवा’ हा समज रुजला त्याचे मूळ येथे आहे. मधल्या काळात इंटेलचे प्रोसेसर असलेल्या मॅकमुळे काही हौशी मंडळी साध्या यंत्रावरही अ‍ॅपलची कार्यप्रणाली चालवून पाहत असत; अ‍ॅपलच्या परवान्यात ते बसत नव्हतेच. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या एम१ चिपवर चालणारे संगणक आणले आणि इंटेलच्या यंत्रांवर चालणारी शेवटची आवृत्ती २०२५ ची असेल असेही पुढे जाहीर केले. तेव्हा मॅक हवा असल्यास तो तयारच घ्यावा लागतो. त्यातील मेमरी नंतर वाढविता येत नाही, ही बाब मागणीपत्र लिहितानाच ध्यानात ठेवली पाहिजे. आज १६ गिगाबाइटवर सही केली की यंत्र निर्लेखित होईपर्यंत ती १६ च राहते.

‘असेंबल्ड’ या शब्दाचा आपल्याकडील अर्थ

पाश्चात्त्य देशांतील लेखनात जुळणी म्हणजे स्वतःच्या हातांनी घरी केलेली जुळणी असा अर्थ असतो. आपल्याकडे असेंबल्ड संगणक म्हटला म्हणजे तो बहुतेक वेळा विक्रेत्याने जोडून दिलेला असतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा दिल्लीतील नेहरू प्लेस येथून निघालेले सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणच्या विक्रेत्याच्या टेबलावर एकत्र येतात आणि तेथून महाविद्यालयात पोहोचतात. म्हणजे आपल्यापुढे दोन नव्हे, तर तीन मार्ग आहेत : विभागाने स्वतः केलेली जुळणी, विक्रेत्याने केलेली जुळणी आणि कंपनीचा तयार संगणक. पहिल्या मार्गात ज्ञान आणि जबाबदारी दोन्ही आपल्याकडे असतात. तिसऱ्यात दोन्ही कंपनीकडे. दुसऱ्या मार्गात ज्ञान विक्रेत्याकडे असते आणि जबाबदारी कोणाकडे, हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते. वाद उद्भवतात ते येथेच.

कामाचे गणित

‘चांगल्या कॉन्फिगरेशनचा संगणक’ या शब्दप्रयोगाला स्वतःचा असा अर्थ नाही. काम बदलले की चांगलेपणाची व्याख्या बदलते, आणि हे साध्या गुणाकाराने दाखविता येते.

ए३ आकाराचे पोस्टर छपाईसाठी प्रतिइंच ३०० बिंदूंवर तयार केले तर त्यात सुमारे १ कोटी ७४ लाख बिंदू येतात. चार शाईंसाठी प्रत्येक बिंदूला चार बाइट धरल्यास एका थराला सुमारे ७० मेगाबाइट लागतात. चाळीस थरांचे चित्र जेमतेम २.८ गिगाबाइट होते. आजचा साधा प्रोसेसर आणि १६ गिगाबाइट मेमरी या कामाला पुरेशी आहे. अशा विभागाने महागडे ग्राफिक्स कार्ड मागू नये. त्याच पैशांत रंग विश्वासार्ह दाखविणारा मॉनिटर आणि त्याचे अंशशोधन करणारे उपकरण घ्यावे. पडद्यावरील केशरी छापखान्यात विटकरी होऊन आला, तर तो दोष प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी दूर होत नाही. खोलीतील ट्यूबलाइट आणि खिडकीतून येणारे ऊनही येथे तपशीलपत्रकाइतकेच महत्त्वाचे ठरते, पण त्याची नोंद कोणी घेत नाही.

ध्वनिमुद्रणाचे गणित याहूनही हलके आहे. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, या दर्जाच्या एका ट्रॅकला सेकंदास १४४ किलोबाइट लागतात. चोवीस ट्रॅक एकाच वेळी मुद्रित केले तरी साडेतीन मेगाबाइटच्या आतच काम भागते. कोणतीही हार्ड डिस्क हे सहज पेलते. अडचण येते ती विलंबाची. संगणक २५६ नमुन्यांचा गठ्ठा करून काम करीत असेल, तर आत येताना आणि बाहेर जाताना मिळून सुमारे ११ मिलिसेकंद जातात. ध्वनी तेवढ्या वेळात हवेतून साडेतीन मीटरहून थोडे अधिक अंतर कापतो. म्हणजे हेडफोन लावून गाणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःचा आवाज त्या अंतरावरून आल्यासारखा भासतो. तानेच्या जागी हे जाणवते. गठ्ठा लहान केला की विलंब घटतो, परंतु मग प्रोसेसर आणि ड्रायव्हर यांनी एकदाही न चुकता वेळ पाळावी लागते. म्हणून संगीत विभागाला हवी ती स्थिरता आणि शांतता. मायक्रोफोनच्या खोलीतच यंत्र ठेवावयाचे असल्यास पंख्याचा आवाज मुद्रणात उतरतो. या कसोटीवर मोठ्या, संथ पंख्यांचा विचारपूर्वक जुळवलेला संगणक किंवा लहानसा तयार मॅक दोन्ही चालतात. चमकत्या दिव्यांचा आणि घोंघावणाऱ्या पंख्यांचा गेमिंग संगणक चालत नाही.

चित्रफीत-संपादनाच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज आढळतात, म्हणून तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ज्याला आपण ४के म्हणतो त्या चित्रचौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येकी तीन बाइट धरले तर एक चौकट २५ मेगाबाइटची होते आणि सेकंदाला २५ चौकटी म्हणजे ६२२ मेगाबाइट. कॅमेरा हे सगळे साठवीत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण करणारा कॅमेरा केवळ साडेबारा मेगाबाइट लिहितो, म्हणजे माहिती पन्नासपटीने दाबतो. त्यासाठी तो काही अंतराने एखादी चौकट पूर्ण लिहितो आणि मधल्या चौकटींत फक्त बदल नोंदवितो. संपादकाने मधलीच एखादी चौकट मागितली की संगणकाला आधीच्या चौकटी उलगडून ती नव्याने रचावी लागते. थोडक्यात, फाईल लहान असूनही काम जड असते.

हे उलगडण्याचे काम करणारा स्वतंत्र विभाग बऱ्याच प्रोसेसरमध्ये आणि ग्राफिक्स कार्डांत असतो, पण प्रत्येकाला प्रत्येक प्रकारची फाईल उलगडता येत नाही. अनेक नवे कॅमेरे एच.२६५ या प्रकारात, १० बिट खोलीने आणि रंगमाहिती आडव्या दिशेने निम्मी ठेवणाऱ्या ४:२:२ पद्धतीने चित्रण करतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये असे चित्रण उलगडण्याची सोय आहे, अ‍ॅपलच्या चिपमध्येही आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत मात्र ती २०२५ च्या ५० मालिकेपासून आली. त्याआधीचे कितीही महाग कार्ड या एका कामात स्वस्त प्रोसेसरच्या मागे राहते. आता जुळणीच्या दुकानात काय घडते ते पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि तो थोडा स्वस्त मिळतो. स्वतंत्र कार्ड आहेच, मग हा खर्च कशाला, असे म्हणून विक्रेता तोच सुचवितो. गेम खेळणाऱ्यासाठी हा सल्ला योग्य आहे. लघुपटाच्या विभागासाठी तो घातक ठरू शकतो. दरपत्रकात एक अक्षर आणि किंचित बचत दिसते, पुढे वर्षभर विद्यार्थी अडखळणाऱ्या चित्रावर संपादन करीत राहतात. त्यावर एक बिनखर्चाचा उपायही सांगितला पाहिजे : मूळ चित्रणाच्या हलक्या, कमी आकाराच्या प्रॉक्सी प्रती करून त्यांवर संपादन करावे आणि अंतिम निर्मितीच्या वेळी मूळ फाईली जोडून घ्याव्यात. ही पद्धत शिकविली तर जुन्या यंत्रांवरही बरेच काही साधते.

त्रिमिती अ‍ॅनिमेशनमध्ये प्रश्न सरळ वेळेचा असतो. सेकंदाला २४ चौकटी धरल्यास एका मिनिटाला १,४४० चौकटी. एका चौकटीच्या रेंडरिंगला पाच मिनिटे लागत असतील तर १२० तास, म्हणजे पाच दिवस आणि पाच रात्री. ग्राफिक्स कार्ड दुप्पट वेगाचे असले की अडीच दिवस वाचतात, आणि सत्राअखेरीस प्रकल्प सादर करावयाचा असतो तेव्हा या अडीच दिवसांचे मोल मोठे असते. येथे पैसा कार्डावरच घालावा. कार्डाची स्वतःची मेमरीही पाहावी, कारण दृश्य तिच्यात मावले नाही तर वेग कोसळतो किंवा रेंडरिंग अडते. अर्थात यंत्राच्या बळाला साधनांच्या निवडीने पर्याय देता येतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळविणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोदिस यांचा चित्रपट ब्लेंडर या मोफत आज्ञावलीत तयार झाला. त्यातील शीघ्रगती रेंडर पद्धत वापरल्यामुळे मोठ्या रेंडर फार्मची गरज भासली नाही. अनुदान अपुरे असलेल्या विभागाने हे उदाहरण अवश्य डोळ्यांसमोर ठेवावे.

वार्षिकांकाविषयी एक विशेष सूचना आहे. देवनागरी अक्षरजुळणीच्या काही जुन्या आज्ञावली हार्डवेअर लॉक जोडल्याशिवाय चालत नाहीत आणि जुने लॉक ज्या पॅरलल पोर्टला लावावे लागत तो पोर्ट नव्या मदरबोर्डांवर बहुधा नसतो. नवे यंत्र घेण्यापूर्वी जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. नंतर ते काम अवघड होते.

किंमत

जुळणी स्वस्त पडते हे विधान सार्वकालिक नाही. २०२० ते २०२२ या काळात टाळेबंदीतील तुटवडा आणि कूटचलनाचे उत्खनन यांमुळे ग्राफिक्स कार्डे छापील दराच्या कितीतरी वर विकली जात होती आणि कार्डासह तयार संगणक घेणे कधीकधी सुट्या कार्डाच्या खरेदीपेक्षा शहाणपणाचे ठरत होते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले. दरपत्रके मागविण्यापासून मंजुरीपर्यंत तीन-चार महिने जाणाऱ्या संस्थेला असे चढउतार जाचक होतात : जुळणी करणारा विक्रेता जुन्या दराने माल देण्यास नकार देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे गुपचूप हलका भाग बसवितो. दोन्हींमधील खरा फरक मोजावयाचा तर तो खरेदीच्या दिवशी न मोजता पाच-सहा वर्षांवर पसरून मोजावा लागतो.

उत्तरदायित्व

तयार संगणकाची हमी एका क्रमांकाशी बांधलेली असते. यंत्र बिघडल्यास तक्रार एकाच ठिकाणी करावयाची असते आणि जागेवर येऊन दुरुस्तीची अट करारात असल्यास तंत्रज्ञ महाविद्यालयात येतो. जुळवलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. पेटीबंद प्रोसेसरला सामान्यतः तीन वर्षे, चांगल्या पॉवर सप्लायला त्याहून अधिक. कागदावर ही बेरीज तयार संगणकाच्या हमीपेक्षा सरस दिसते. परंतु पडदा काळा पडला तर दोष मेमरीचा, बोर्डाचा की पॉवर सप्लायचा, हे आधी कोणीतरी ठरवावे लागते आणि हमी त्या ‘कोणीतरी’ची नसते. ज्या विभागात हे निदान करू शकणारा प्रयोगशाळा साहाय्यक आहे तेथे जुळणी हा उत्तम मार्ग आहे. जेथे तो नाही तेथे भागांची पाच वर्षांची हमीसुद्धा कपाटातील कागद होऊन राहते.

विक्रेत्याकडून जुळणी करून घ्यावयाची असल्यास उपाय साधा आहे आणि तो क्वचितच केला जातो. पुरवठा आदेशासोबत भागसूची जोडावी. तीत ‘५०० वॅट पॉवर सप्लाय’ असे न लिहिता निर्माता, प्रतिमान आणि कार्यक्षमतेचे प्रमाणन लिहावे. प्रोसेसर पेटीबंद हवा, ट्रेमधील नको, असे स्पष्ट करावे, कारण ट्रेमधील प्रोसेसरला निर्मात्याची थेट हमी मिळत नाही. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक देयकावर आणि जडसंग्रह नोंदवहीत यावा. लेखापरीक्षणाच्या वेळी ‘संगणक – नग १’ एवढीच नोंद असलेल्या यंत्रातील कार्ड बदललेले आढळले तर त्याचा खुलासा विभागप्रमुखाला करावा लागतो. अनुक्रमांक असल्यास एका ओळीत तो होतो. बिघाडाचे निदान विक्रेत्याने किती दिवसांत करावे आणि तोवर पर्यायी यंत्र द्यावे की नाही, हेही त्याच आदेशात असावे.

पॉवर सप्लायचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्याकडील वीजपुरवठ्याचा चढउतार प्रथम तोच झेलतो आणि दरपत्रक खाली आणण्यासाठी विक्रेता प्रथम त्यालाच हात लावतो. तसेच चांगल्या पॉवर सप्लायना सामान्य यूपीएसची चौकोनी तरंगाची वीज नेहमीच मानवत नाही. वीज जाताच यूपीएस चालू होऊनही संगणक बंद पडतो. रेंडरिंगची तिसरी रात्र चालू असताना असे घडू नये म्हणून शुद्ध साइन तरंग देणारा यूपीएस मागावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

तयार संगणकांचेही दोष आहेत. कार्यालयीन वापराच्या अनेक तयार यंत्रांत मेमरीची एकच पट्टी असते, त्यामुळे तिचा वेग निम्म्यावर येतो. कॅबिनेट अरुंद आणि पॉवर सप्लाय कमी क्षमतेचा असल्याने पुढे ग्राफिक्स कार्ड बसविता येत नाही. काहींच्या बोर्डांच्या जोडण्या मानकाबाहेरच्या असतात, म्हणजे हमी संपल्यावर बाजारातील भाग चालत नाही. व्यावसायिक वर्कस्टेशन श्रेणीत यांतील काही दोष नसतात, शिवाय माया यांसारख्या आज्ञावलींसाठी ती यंत्रे तपासून प्रमाणित केलेली असतात. त्यांची किंमत मात्र महाविद्यालयाच्या आवाक्यात क्वचित बसते.

परवान्याचा मुद्दा

तयार संगणकासोबत कार्यप्रणालीचा परवाना बहुधा येतो. जुळवलेल्या यंत्रासाठी तो वेगळा घ्यावा लागतो आणि येथेच ‘ते मी टाकून देतो’ हे विक्रेत्याचे वाक्य ऐकू येते. प्रताधिकार कायदा १९५७ मधील कलम ६३ब नुसार आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसल्यास न्यायालय सौम्य शिक्षा देऊ शकते, तरी संस्थेने या सवलतीच्या भरवशावर राहू नये. परवान्याची रक्कम जुळणीच्या दरपत्रकात मिळविली म्हणजे तुलना खरी होते. लिनक्स, ब्लेंडर, क्रिता, इंकस्केप, गिंप यांवर अभ्यासक्रम बेतला तर हा खर्च उरतच नाही. याउलट फायनल कट प्रो किंवा लॉजिक प्रो शिकवावयाचे असतील तर प्रश्नच संपतो, कारण संगणकांपैकी ती फक्त मॅकवर चालतात.

निवड

वीस-तीस यंत्रांची प्रयोगशाळा तयार संगणकांची असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सर्व यंत्रे एकसारखी असली की एका यंत्रावर सापडलेला उपाय सर्वांना लागू पडतो आणि देखभालीचा करार एकच राहतो. फक्त मेमरीच्या दोन पट्ट्या आणि कार्ड बसेल असे कॅबिनेट या दोन अटी घालाव्यात. त्याच विभागातील रेंडरिंगचे एखादे दुसरे बलवान यंत्र मात्र जुळवलेले असावे. त्याचे कार्ड तीन वर्षांनी बदलावेसे वाटणारच आहे आणि तेव्हा कॅबिनेट, पॉवर सप्लाय, डिस्क तशीच ठेवून केवळ एका भागाची मागणी करता येईल. संगीत विभागाने संगणकावरचा खर्च आटोक्यात ठेवून उरलेली रक्कम ऑडिओ इंटरफेस आणि मायक्रोफोनकडे वळवावी.

विद्यार्थ्यांच्या हातून जुळणी करून घेणे हा स्वतंत्र शैक्षणिक उपक्रम म्हणून स्वागतार्ह आहे, पण तो जुन्या यंत्रांवर करावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व नव्या पिढीचा प्रोसेसर लागत असल्यामुळे अनेक महाविद्यालयांत चालू स्थितीतील यंत्रे निर्लेखनाच्या यादीत गेली आहेत. त्यांतील दोन-तीन यंत्रांचे भाग एकत्र करून लिनक्सवर चालणारे एक बरे यंत्र तयार होते. ध्वनिसंपादनाला, क्रितामध्ये रेखाटन शिकविण्याला आणि प्रॉक्सी प्रतींवरील संपादनाला ते पुरते. निर्लेखनाच्या ठरावात कोणते भाग पुनर्वापरासाठी ठेवले आणि कोणते नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रणकर्त्याकडे गेले, याच्या दोन वेगळ्या याद्या जोडाव्यात. डिस्क ठेवावयाची असो वा द्यावयाची, तीवरील विद्यार्थ्यांची माहिती त्यापूर्वी पुसलेली असावी.